उसनं नाक

"बाय, जरा इकरं ये. सांग, कसला वास हाय?"

हे विचारताना काका कधी माझ्याकडे बघायचे नाहीत. दोन्ही हात पाठीमागे, हनुवटी वर, डोळे कंटेनरच्या छताला. शाळेत मास्तर पोराला उभं करून तेराचा पाढा विचारायचे ना, अगदी तसं. मी दोन-तीनदा हुंगायचे आणि सांगायचे, "रंगाचा वाटतोय, काका." मग काका सावकाश मान हलवायचे. "बरोबर. मना माहीत हाय. तुझी परीक्षा घेतो."

चार वर्षं मी ही परीक्षा देत होते. आणि आता सांगायला लाज वाटते, पण दर वेळी पास झाल्याचा मला आनंद व्हायचा.

आमचं यार्ड उरणच्या रस्त्याला आहे. जहाजावरून उतरून रिकामे झालेले कंटेनर तिथे येऊन पडतात आणि पुढच्या मालाची वाट बघतात. कंटेनर हा शब्द फक्त कागदावर. बोलताना आम्ही सगळे डबाच म्हणतो. मी ऑफिसात पावत्या आणि सर्व्हेचे कागद बघायचे. काका सर्व्हेअर. परत आलेला डबा उघडायचा, पत्रा कुठे वाकला, तळाची फळी कुठे उचकटली ते लिहायचं, हे त्यांचं रोजचं काम.

पण मानाचं काम वेगळं होतं. ज्या डब्यात चहा, तांदूळ, मसाला असा खायचा माल जाणार, तो डबा वेगळा तपासावा लागतो. सर्व्हेअर आत जातो आणि कुणाला तरी बाहेरून दारं लावायला सांगतो. आत मिट्ट काळोख. कुठे उजेडाचा ठिपका दिसला तर पत्र्याला भोक आहे. ठिपका नसेल तर मग श्वास ओढून वास बघायचा. आधीच्या फेरीतल्या मालाचा वास राहिला असेल तर डबा नापास, कारण चहासारखा माल शेजारचा वास लगेच उचलतो. तांदूळही काही कमी नाही. सगळं ठीक असेल तर काका बाहेर येऊन कागदावर सही करायचे, आणि त्या सहीपुढे कुणी अवाक्षर काढायचं नाही.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर गावातले चारजण त्यांना चिडवतील, आणि काकांना चिडवायचा हक्क मी कुणाला देणार नाही.

काका खाडीकाठच्या गावातले. वडील, आजे सगळे मिठागरावर राबलेले. अंगाने आडवे, मिशा जाड, अंगात कायम ते नारिंगी जॅकेट. आणि नाक. देवाने ते देताना हात मुळीच आखडता घेतला नव्हता. असं भरघोस नाक, पण बारा महिने बंद. बोलणं सगळं त्या बंद नाकातून घुमत यायचं.

सायनसबद्दल ते असं बोलायचे की नव्या माणसाला वाटावं, घरात कुणी खाष्ट म्हातारा नातेवाईक येऊन राहिलाय. "आज सायनस उठलाय." "हलू बोल, सायनस आताच झोपलाय." वाकून दाराची कडी बघितली की सरळ होताना कपाळावर हात जायचा. "वाकलं का डोक्यान पानी हलतं, बाय." मग पेनाचं टोपण दोन भुवयांच्या मधोमध दाबून धरायचे आणि तसेच, टोपण न काढता, माझ्याशी पाच मिनिटं गप्पा मारायचे. मला त्या टोपणाकडे न बघता बोलायची सवय करून घ्यावी लागली.

खिशात थेंबांची बाटली. दुसरी ड्रॉवरमध्ये, तिसरी स्कूटरच्या डिकीत. माणूस घरातून निघताना पाकीट चाचपतो, काका बाटली चाचपायचे. दर दोन तासांनी मान मागे टाकून दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन थेंब, मग डोळे मिटून एक दीर्घ "हांऽऽ". हे मोठ्या साहेबांसमोर, गेटवर, ट्रकच्या रांगेत, कुठेही.

आणि एसी. माझी खुर्ची नेमकी एसीखाली. मी जरा गार केला की काका दारातूनच विचारायचे, "मारतंस काय मना?" मी म्हणायचे, "काका, घामाने कागद भिजतात." मग ते गळ्यातला पंचा डोक्याला गुंडाळून माझ्यासमोर बसायचे आणि माझ्याकडे असं बघायचे की मी मुकाट्याने रिमोट हातात घ्यायचे.

औषधं सांगणाऱ्यांना आपल्याकडे काय तोटा. ट्रक लावायला आलेला प्रत्येक ड्रायव्हर एकेक सांगून जायचा. एकाने मोहरीचं तेल सांगितलं, दुसऱ्याने ओव्याची पुरचुंडी. माझे आबा वाशीच्या मार्केटात माथाडी, मूळचे साताऱ्याचे. त्यांनी माझ्या हातून निरोप धाडला की कच्चा कांदा बुक्कीने फोडून हुंगावा. काकांनी हे सगळं केलं. एकदा कँटीनमध्ये चहाच्या पातेल्यावर पंचा पांघरून वाफ घेत बसले होते, तेव्हा नवीन मॅनेजर आले आणि त्यांनी हळूच मला विचारलं, "हे कोण आहेत, आणि असं का लपलेत?"

तर असे काका. तुम्हीही असा एखादा माणूस बघितला असेल, ज्याचं दुखणं सगळ्यांना पाठ असतं आणि त्यामुळेच कुणी ते मनावर घेत नाही. आम्हीही घेतलं नाही.

मग माझी सर्दी आली.

पाऊस ओसरल्यानंतरचे दिवस होते. मला तीन दिवस सर्दी, डोकं जड. काकांनी नेहमीप्रमाणे हाक मारली. डबा चहासाठी होता. मी आत गेले, हुंगलं, कळलं काहीच नाही. पण सर्दी आहे म्हणून परीक्षा चुकवायची हे मनातसुद्धा आलं नाही. "काही नाही, काका. स्वच्छ."

"बरोबर. मना माहीत हाय." सही झाली.

दुसऱ्या दिवशी चहाच्या गोदामात डब्याची दारं उघडली आणि भरायला आलेली माणसं नाक धरून मागे सरली. त्या डब्यातून आधीच्या फेरीला कच्चं कातडं गेलं होतं. सुदैवाने चहाचं एक पोतंही आत गेलं नव्हतं. डबा तसाच परत आला. यार्डात उतरवला तेव्हा माझी सर्दी जरा मोकळी झाली होती, आणि दहा पावलांवरूनच मी ओढणी नाकाला लावली.

मॅनेजरने काकांना केबिनमध्ये बोलावलं. फाइल घेऊन मीही होते. मॅनेजर भला माणूस. आवाज न चढवता म्हणाले, "काका, एवढा वास तुम्हाला आला कसा नाही?"

काकांनी खिशातलं पेन काढून हातात घेतलं. माझा स्वभाव असा की दुसऱ्याचं गप्प राहणं मला सोसत नाही. मी मधेच म्हणाले, "सर, चूक माझी आहे. त्या दिवशी मला सर्दी होती."

मॅनेजरने माझ्याकडे बघितलं. "तुमच्या सर्दीचा काकांच्या सहीशी काय संबंध?"

मी सांगायला तोंड उघडलं. चार वर्षांतल्या सगळ्या परीक्षा डोळ्यांपुढून गेल्या. एकदाही काका म्हणाले नव्हते, की बाय, चुकलीस, हा रंगाचा नाही, रबराचा आहे. एकदाही नाही. इतकी हुशार मी शाळेत कधीच नव्हते, आणि हे माझ्या तेव्हा ध्यानात यायला हवं होतं.

काका पेनाच्या टोपणाकडे बघत बसले होते. म्हणाले, "साहेब, उद्या सांगतो."

संध्याकाळी मी त्यांना स्कूटरपाशी गाठलं. मी भयंकर चिडले होते. "काका, कधीपासून?"

"सहा वरसं जाली. आधी कमी येत होता. मंग गेलाच."

"आणि घरी?"

"घरी कोनला नाय माहीत."

"म्हणजे मला चार वर्षं वापरलंत तुम्ही."

"तुझं नाक लय चांगलं हाय, बाय," काका म्हणाले. माझा राग अर्धा तिथेच उतरला, याचाही मला राग आला.

मग स्कूटरची किल्ली बोटात फिरवत ते म्हणाले, "दीड वरसान रिटायर हाय मी. कलला तं गेटवर बसवतील, गाडीचे नंबर लिवायला. तीस वरसं डबे बघितलं. गेटवरनं रिटायर व्हायचं नाय मना." एवढा आडवा माणूस, पण त्या वेळी अगदी लहान दिसला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पत्र दिलं. वहीच्या पानावर, स्वच्छ अक्षरात. मी ते फाइलला लावलं, म्हणून पाठ आहे. "माझे नाक सायनसमुळे बंद आहे. गेली काही वर्षे मी दुसऱ्यांच्या नाकाने डबे पास केले. ते नाक चांगले असल्याने तक्रार आली नाही. तरी माझे नाक उघडेपर्यंत खाण्याच्या मालाच्या डब्यावर मला सही करू देऊ नये." मॅनेजरने दोनदा वाचलं, चष्मा काढून पुसला आणि काकांना गेटवर बसवलं. म्हणाले, "नाक येईपर्यंत." डबे हुंगायचं काम दुसऱ्या सर्व्हेअरबरोबर माझ्याकडे आलं, आता रीतसर.

मी काकांना कामोठ्यात आमच्या सोसायटीजवळच्या नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई तरुण, चुणचुणीत. तपासलं, फोटो काढून आणायला लावला आणि एका कागदावर चेहरा काढला. कपाळात दोन खोल्या, गालांत दोन, डोळ्यांच्या मधे बारक्या बारक्या. "या हवेच्या खोल्या, काका. यांची दारं नाकात उघडतात, आणि दारं असतात अगदी लहान. नाकाला सूज आली की दार बंद. आतलं पाणी आतच साचतं, मग डोकं जड होतं. वास ओळखायची जागा आहे अगदी वर. सूज असली की हवा तिथवर पोचतच नाही."

काकांनी विजयी मुद्रेने माझ्याकडे बघितलं. "बोललू नव्हतू? डोक्यान पानी हाय."

"थेंब किती वेळा घालता?"

"दोनदा."

मी खोकले. "दर दोन तासांनी, मॅडम."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. ते थेंब फार तर चार-पाच दिवसांसाठी असतात, त्या म्हणाल्या. वर्षानुवर्षं घातले की त्या थेंबांनीच नाक सुजून बसतं. मग सुजलं म्हणून आणखी थेंब. काका खिशातल्या बाटलीकडे असे बघायला लागले, जणू पंधरा वर्षांच्या मित्राने दगा दिला.

थेंब बंद. त्याऐवजी सूज उतरवायचा फवारा, आणि मिठाच्या पाण्याने नाक धुणं. फवारा काकांना पूर्वी कुणीतरी दिला होता. ते तो मान मागे टाकून मारायचे आणि गिळून टाकायचे. बाईंनी शिकवलं. मान जराशी खाली, डाव्या नाकपुडीला उजवा हात, तोंड मधल्या पडद्याकडे नाही, कानाच्या बाजूला. पाणी मात्र उकळून कोमट केलेलंच, नळाचं नाही. मीठ मोजून. तेवढ्यावर काकांना हसू आलं. "मिठागरवाल्याला मीठ शिकवतंस काय, बाय?"

आणि पहिल्याच दिवशी मिठागराच्या माणसाने मूठभर खडेमीठ घातलं. दुसऱ्या दिवशी कामावर आले तेव्हा डोळे लालभडक. मी विचारायच्या आधी तेच म्हणाले, "माप पायजे."

"वास येईल का?" हे काकांनी बाईंना सगळ्यात शेवटी, उठता उठता विचारलं होतं. बाई म्हणाल्या, "येऊ शकतो. खात्री देत नाही. महिने लागतील. आणि येताना कधी कधी वाकडा येतो. नसलेला वास येतो, असलेला भलताच लागतो. घाबरायचं नाही." गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी अशा चार बाटल्या करून रोज सकाळ-संध्याकाळ हुंगायला सांगितल्या. झोपलेल्याला रोज हाक मारायची, तसं.

थेंब सोडल्यावरचे पहिले पंधरा दिवस काकांच्या वाटेला कुणी जाऊ शकलं नाही. नाकावर माशी बसू देत नव्हते. रात्री झोप नाही, दिवसा सगळ्यांशी भांडण. पण बाटलीला हात लावला नाही. खिशातली, ड्रॉवरमधली आणि डिकीतली त्यांनी स्वतः माझ्याकडे आणून दिली. "तुझ्याकडं ठेव. मागितली तरी देऊ नको." एकदा मागितली. मी दिली नाही. दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी.

मग गेटवर रोजचा तो प्रकार. ट्रकची रांग थांबलेली, आणि काका एकेक बाटली नाकाला लावून डोळे मिटून बसलेले. ड्रायव्हर हॉर्न वाजवायचे नाहीत. त्यांना वाटायचं, काहीतरी पूजापाठ चाललाय. मी जाता-येता विचारायचे, "काय, काका?"

"नाय."

डोकं हलकं झालं, टोपण कपाळावरून खाली आलं, आवाज मोकळा झाला. पण वास नाही. तीन महिने, चार महिने. "काय, काका?" "नाय." पुढे पुढे मला विचारायचीच भीती वाटायला लागली. मी गेटच्या बाजूने जायचं टाळलं, हे खरं सांगते. पाचव्या महिन्यात एकदा त्यांनीच बोलावलं. "कायतरी हाय. काय हाय ते कलत नाय. लवंग का?" बाटली लिंबाची होती. मी लिंबाची म्हणून सांगितलं, आणि नंतर वाटलं, गप्प बसले असते तर बरं झालं असतं.

सहाव्या महिन्यात मॅनेजर म्हणाले, एक डबा बघू द्या काकांना. काका बघतील, मग तुम्ही बघा. जुळलं तर सही परत. सोमवार होता. डबा तांदळासाठीचा, आधीच्या फेरीला त्यातून लाद्या गेलेल्या. लाद्यांना कसला वास? मी मनात म्हटलं, देव पावला, सोपा पेपर आहे.

काका आत गेले. मी दारं लावली. बाहेर आले ते ताठ मानेने. "नापास. मावऱ्याचा वास हाय. सुक्या मावऱ्याचा." मावरं म्हणजे मासळी.

मी आत गेले. लाकडी फळ्यांचा वास, बाकी काही नाही. मॅनेजर जाऊन आले, त्यांनाही काही नाही. काका पुन्हा गेले. "हाय. चांगला झनझनीत हाय." मी पुन्हा गेले. अगदी कोपऱ्यात जाऊन, गुडघ्यांवर बसून हुंगलं. काही नाही. जन्मात पहिल्यांदा मला वाटलं, थोडं खोटं बोलावं. पण आत तांदूळ जाणार होता, आणि समोर काका होते. मी नकारार्थी मान हलवली.

काकांनी कागद मॅनेजरच्या हातात परत दिला. "डाक्टरीन बोललेली. वाकडा येईल," एवढंच म्हणाले, आणि ऑफिसकडे चालायला लागले. मी मागून जात होते.

ऑफिसात येऊन त्यांनी जॅकेट काढून माझ्या खुर्चीच्या पाठीला टाकलं आणि समोर एसीखाली डोकं धरून बसले. एसीबद्दलसुद्धा काही बोलले नाहीत. मी खुर्चीत बसून कीबोर्डवर हात ठेवला, आणि पाठीमागून एक ओळखीचा वास आला, तसा थांबवला.

"काका," मी म्हणाले, "माझ्या आईचा जवळा आणलात का?"

शुक्रवारी मीच सांगितलं होतं. उरणच्या बाजारातला बारीक कोळंबीचा सुका जवळा आईला हवा होता. काकांनी मान वर केली. जॅकेटच्या आतल्या खिशात हात घातला. कागदात बांधलेला, वर पिशवीत कोंबलेला पाव किलो जवळा बाहेर आला. सकाळपासून तो त्यांच्याबरोबर डब्यात जात होता आणि त्यांच्याबरोबर बाहेर येत होता.

मी हसायला लागले आणि हसता हसता रडायलाही लागले. काका हसले नाहीत. त्यांनी पुडी नाकाशी नेली, लांब केली, पुन्हा नेली. "हाय," म्हणाले. "बाय, हाय."

मॅनेजरने त्यांना जॅकेटशिवाय परत आत पाठवलं. या वेळी काका आत बराच वेळ राहिले. आम्ही कुणी दार ठोठावलं नाही. बाहेर येऊन म्हणाले, "लाकूड. बाकी काय नाय. पास," आणि सही केली. जवळा मात्र त्या दिवशी मला मिळाला नाही. तो काका घरी घेऊन गेले.

पुढचं वर्षभर ते डबे बघत होते आणि डबे बघतच रिटायर झाले. आता त्या कागदावर माझी सही असते. निरोपाच्या दिवशी काकी आल्या होत्या, नऊवारीत, मोगऱ्याचा गजरा माळून. भाषणं चालू असताना माझ्या शेजारी बसल्या. मी हळूच विचारलं, "काकी, तुम्हाला खरंच कधी कळलं नाही, काकांना वास येत नव्हता ते?"

काकी तोंडाला पदर लावून हसल्या. "मना पयल्यापासून माहीत. फोडनी तडतडली का ओटीवरनं 'वा, काय वास' बोलायचे. एकदा कालवन करपला, सगला घर धुरान भरला, तरी हे आपले ओटीवरनं, 'वा, काय वास.' मी कशाला बोलू? त्यांना वाटत होता मना कलत नाय, तं नाय कलत."

मग त्या समोर हार घालून बसलेल्या काकांकडे बघत राहिल्या.

"त्या दिशी जवला घेऊन आले. मी भाजायला घेतला. ते आत आले, चुलीपाशी बसले, नि कायच बोलले नाय. तवाच मना कलला, का यांचं नाक आलं."